न संपणारी बाटली

शिमग्याला गावी होतो. खळ्यात रोंबाट नाचून, शबय घेऊन पुढच्या वाडीत गेलं होतं आणि ढोलांचा आवाज माडांमागे विरत चालला होता. आते खाली बसून नारळ खवत होती. सोलकढीसाठी आगळाची बाटली काढायला म्हणून मी फ्रिज उघडला. आतेच्या फ्रिजमध्ये कुठलीही वस्तू सरळ हाताला लागत नाही. आगळामागे मसाल्याची बरणी, बरणीमागे पेजेचा टोप, टोपावर झाकण म्हणून दुसरं भांडं, त्यात उरलेली उसळ. शोधताशोधता दाराच्या खणाकडे लक्ष गेलं. अंड्यांच्या खाचेत डोळ्यांच्या औषधाची बाटली उभी होती, अडीच मिलिलिटरची, करंगळीएवढी. लेबलावर बॉलपेनने घातलेली तारीख माझ्याच अक्षरातली होती. गणपती उरकून ठाण्याला निघताना सील मीच तोडलं होतं. ‘महिनाभरात संपली पाहिजे, उरली तरी टाकून द्यायची’ असं दोनदा बजावून मग तारीख लिहिली होती. आता ती बाटली उजेडाकडे धरून हलवली. आत औषध होतं. निम्म्याच्या वर.

गणपती ते शिमगा म्हणजे सहा महिने.

रोज रात्री दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब, असा हिशेब. अशा बाटलीत साधारण ऐंशी थेंब असतात, म्हणजे गालावर सांडलेले धरूनही ती महिन्यात रिकामी व्हायला हवी. मी पैसे पाठवले की कणकवलीचा औषधवाला दर महिन्याला बर्फाच्या पिशवीत घालून एक बाटली गावच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचा. त्या सगळ्या भाजीच्या कप्प्यात, दोडक्यांच्या खाली सापडल्या. पाच. सीलबंद. मी फ्रिजचं दार लावलं, आगळ ओट्यावर ठेवलं आणि काही बोललो नाही. जेवताना सोलकढीचा दुसरा पेला मागून घेतला. आते खूश झाली. मला मात्र फोनवरचा तिचा आवाज ऐकू येत होता. रोज रात्री नऊच्या सुमाराला, मागे टीव्हीवरची मालिका चालू. “आते, थेंब घातलंस?” “घातलंय, घातलंय.” दोनदा म्हणायची. दोनदा म्हणते म्हणजे नक्की घातले, असं मी धरून चाललो होतो.

आतेला काचबिंदू आहे हे कळलं ते चष्म्याच्या नंबरासाठी गेल्यावर. गावात मोतीबिंदू सगळ्यांना ठाऊक. त्याची शिबिरं होतात, गाडी येऊन माणसं घेऊन जाते, चार दिवसांनी काळा चष्मा लावून माणूस परत येतो आणि अंगणातल्या जास्वंदीचा रंग बघून हरखतो. काचबिंदू त्याचाच धाकटा भाऊ असावा, असा समज. “मगे काढून टाका तो,” आते डॉक्टरांना म्हणाली होती. तो काढता येत नाही, त्यात गेलेली नजर परत येत नाही, फक्त उरलेली राखता येते, हे तिला आणि मलाही पचायला वेळ लागला. डोळ्यातलं प्रेशर साधारण १० ते २१ च्या दरम्यान असतं. तिचं उजव्या डोळ्यात २६ आणि डाव्यात २९ होतं. डोळ्यामागे दहा-बारा लाख तंतूंची एक जुडी, म्हणजे डोळ्याची नस, मेंदूकडे जाते. त्यातले डाव्या डोळ्याचे बरेच सुकून गेलेले, उजव्याचे काही. आणि तिची तक्रार एवढीच, की सुईत दोरा जात नाही.

काचबिंदू झालेल्याला समोर काळे डाग दिसत असतील अशी माझी कल्पना होती. तसं नसतं. गेलेला तुकडा मेंदू आजूबाजूच्या रंगाने सारवून टाकतो. आते ओट्याच्या पायरीवर ठेवलेला तांब्या लाथाडायची, मांजराच्या शेपटीवर पाय द्यायची, आणि आम्ही म्हणायचो, आते धांदरट होत चाललीय. तांब्याच्या जागी तिला काळोख दिसतच नव्हता. तिथे तिला पायरी दिसत होती. न चुकता, सारवलेली, रिकामी पायरी.

नजरेचं क्षेत्र मोजायची जी तपासणी असते, ती तिने पहिल्यांदा केली तेव्हा मी दाराशी उभा होतो. एका डोळ्यावर पट्टी, हनुवटी टेकवलेली, समोर पांढरा पोकळ अर्धगोल. नजर मधल्या दिव्यावर रोखायची आणि आजूबाजूला कुठेही बारीक ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. ठिपके कधी ठळक, कधी इतके फिके की दिसला की भास झाला हे कळू नये. मशीनवरची मुलगी थोड्या वेळाने म्हणाली, “आजी, लाईट नसताना पण दाबताय तुम्ही.” आते थांबली. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. बाहेर आल्यावर मी विचारलं, तर सहज म्हणाली, “मिरगाच्या आदी काजवे येतत ना, तशे होते. एक हंयसर पेटलो की मागसून थंयसर पेटताच.” आमच्या घरामागच्या झाडावर जूनच्या सुरुवातीला सगळं झाड एका लयीत पेटतं आणि विझतं. त्या लयीने ती बटण दाबत होती. “पण थंयसर दिसलो नाय ना तुका?” “दिसलो नाय तरी असतलोच ना थंय,” आते म्हणाली. रिपोर्टवर तेवढंच आलं, की खोटे होकार जास्त, तपासणी पुन्हा करावी.

तर थेंब. दोन वर्षं आम्ही कोल्हापूरला जात होतो, दर चार-सहा महिन्यांनी, फोंडा घाट चढून, दाजीपूर-राधानगरीवरून. दर वेळी प्रेशर छान, १५, १६. दर वेळी नजरेचा नकाशा मात्र आणखी थोडा काळवंडलेला. डॉक्टरीणबाई कोड्यात पडल्या होत्या. काही लोकांची नस कमी प्रेशरलाही खराब होते, असं त्या म्हणाल्या, आणि दुसरं औषध वाढवलं. दिवसातून दोनदा घालायचं. ते आतेने तीन दिवसांत बंद केलं, कारण घशात कडू लागायचं. थेंब घातल्यावर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा बोटाने दाबून धरला तर ते घशात उतरत नाही, हे मला फार नंतर कळलं. शिमग्याच्या त्या रात्री मात्र कोडं सुटलं. मी बाटली तिच्यापुढे ठेवली. ती जराही ओशाळली नाही.

“एवढी म्हाग बाटली. रोज ओतून संपवूची?”

ती औषध पुरवून घालत होती. महिन्यातून एकदा, पौर्णिमेला. कोल्हापूरला जायच्या आदल्या आठवड्यात मात्र रोज, न चुकता, देवळात शिरताना पाय धुवावेत तसं. म्हणून तिथे प्रेशर नेहमी चांगलं. फसवायचा हेतू अजिबात नाही. डॉक्टरकडे जायचं तर डोळा नीट करून जायला नको? आणि त्या सीलबंद पाच बाटल्या ही तिच्या लेखी बेगमी होती. मे संपताना आगोट भरणाऱ्या, डब्यांत सुकटं, बरणीत आमसुलं आणि पोत्यात उकडे तांदूळ पाहिल्याशिवाय ज्यांना झोप येत नाही त्यांतली ही बाई. पुढे कधी डोळा खरंच दुखायला लागला तर घरात औषध असावं, म्हणून तिने ते साठवलं. “दुखत नाय, खुपत नाय, मगे रोज कित्याक घालूचा?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, छापील. पण तिच्या बाजूने बघितलं तर औषध घातलं काय आणि न घातलं काय, सकाळी उठल्यावर फरक शून्य. घातलं की डोळा लाल होतो, एवढा एकच फरक. शिवाय बोटं. चौऱ्याहत्तर वर्षांची, संधिवाताने वाकलेली. मी तिला म्हटलं, आत्ता घालून दाखव. पहिला थेंब भुवईवर, दुसरा गालावर, तिसरा घालायला तिने साफ नकार दिला, कारण दोन वाया गेले होते.

मी चिडलो. बोलायला नको ते बोललो, पैशांचं बोललो. पडवीत येऊन बसलो तेव्हा आठवलं, माझ्या बॅगेत रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट आहे, आणि त्यातल्या शुक्रवार-शनिवारच्या गोळ्या तशाच आहेत. तेही दुखत-खुपत नाही.

त्या रात्री झोप लागेना म्हणून मोबाईलवर वाचत बसलो. गावात रात्री अकरानंतर रेंज येते, हे एक कोडंच आहे. थेंबांवाचून या रोगाचं काय करता येतं, हे शोधताना ‘मिग्ज’ नावाची गोष्ट सापडली. पहाटे आतेला सांगितलं तर ती म्हणाली, “मिग? ता विमान ना?” मिनिमली इनव्हेसिव्ह ग्लॉकोमा सर्जरी, त्याची आद्याक्षरं. इक्बाल अहमद या कॅनडातल्या सर्जननी रूढ केलेलं नाव. डोळ्याला बाहेरून मोठी चीर न देता, मोतीबिंदू काढतात तेवढ्याच बारीक छिद्रातून आत शिरून तिथे साचणाऱ्या पाण्याची वाट मोकळी करायची. जुनं ऑपरेशन म्हणजे ट्रॅबेक्युलेक्टोमी. ते १९६८ मध्ये केर्न्स यांनी मांडलं आणि आजही प्रेशर खूप खाली आणायचं असेल तर डॉक्टर त्याच्याकडेच वळतात. त्यात डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीत झडपेसारखं दार करून पाणी वरच्या पापणीखाली, पातळ आवरणाच्या आत जिरवतात. तिथे एक बारीकसा फुगा राहतो, आणि तो जन्मभर जपावा लागतो. त्यातून जंतू आत गेले तर डोळा जाऊ शकतो.

दहा दिवसांनी कोल्हापूरला गेलो आणि सगळं खरं सांगितलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. उलट त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला. “मावशी, तुम्ही मला दोन वर्षं फसवलंत बघा,” असं म्हणून हसल्या, आणि फाईलच्या मागच्या कोऱ्या पानावर डोळा काढायला घेतला. डोळ्याच्या आत पुढच्या भागात स्वच्छ पाणी सारखं तयार होतं. अश्रू ते बाहेरचे, हे आतलं. मिनिटाला दोन-अडीच मायक्रोलिटर, म्हणजे आपण डोळ्यात घालतो त्या एका थेंबाएवढं पाणी व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. बाहुलीतून ते पुढे येतं आणि काळ्या-पांढऱ्याच्या सांध्यापाशी, आतल्या कोनात, एका बारीक जाळीतून गाळलं जाऊन गोल पाटात पडतं. श्लेम नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञावरून त्या पाटाला श्लेमचा कालवा म्हणतात. तिथून ते रक्तात. जाळी निबर झाली की पाणी अडतं, प्रेशर चढतं. आते बराच वेळ चित्र बघत होती. मग म्हणाली, “म्हणजे उघाडी बुजली.”

डॉक्टरीणबाई घाटावरच्या. त्यांना उघाडी म्हणजे काय ते मला सांगावं लागलं. खाडीकाठच्या खाजणात भात पिकवायचं तर खारं पाणी अडवायला बांध घालतात, आणि बांधात एक फळ्यांचं दार ठेवतात. ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने दार उघडतं, पावसाचं पाणी खाडीत जातं; भरती आली की खाडीचं पाणीच दार दाबून बंद करतं. माणूस लागत नाही. फक्त दारापाशी गाळ बसतो, कालवं धरतात, मग दार हलत नाही, आणि आत उभं पीक कुजतं. आमचे आजोबा दर पावसाच्या तोंडाला दोन गडी कमरेएवढ्या चिखलात उतरवून उघाडी साफ करून घ्यायचे. आते तेव्हा परकर नेसून बांधावर उभी असायची, गड्यांची पेज घेऊन. “ह्येच्यासाठी कोण बांध फोडना नाय,” ती डॉक्टरांना म्हणाली. “गाळ काढूचो.” त्या क्षणी मला वाटलं, रात्रभर वाचून जे मला कळलं नव्हतं ते हिने एका वाक्यात टाकलं. ट्रॅबेक्युलेक्टोमी म्हणजे बांधाला नवं भोक. बाकीची ही छोटी ऑपरेशनं म्हणजे उघाडीचा गाळ.

गाळ काढायच्या तऱ्हा बऱ्याच आहेत. लेझर ही त्यातली सगळ्यांत सोपी. जाळीवर लेझरचे हलके ठिपके मारतात, चीर नाही, टाका नाही. २०१९ मध्ये ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास आला, ज्यात सुरुवातच लेझरने केलेल्या दर चारांतल्या जवळपास तिघांना तीन वर्षं थेंब लागले नाहीत. ते वाचून मला हळहळ वाटली, दोन वर्षांपूर्वी कोणी हे बोललं असतं तर. दुसरी तऱ्हा म्हणजे नळी. आयस्टेंट नावाची टायटॅनियमची नळी, लांबी जेमतेम एक मिलिमीटर, जाळीत टोचून पाटाला तोंड करून देते. अमेरिकेत २०१२ मध्ये तिला परवानगी मिळाली. ती बनवणाऱ्या कंपनीचं नाव ग्लाउकोस. हा जुना ग्रीक शब्द निळसर-हिरवट-करड्या रंगाचा, समुद्रालाही लावलेला, आणि ग्लॉकोमाही त्यातूनच आला. मला आचऱ्याचा जुलैतला समुद्र आठवला, मासेमारी बंद असताना असतो तो, बघवत नाही असा. आणखी एक हायड्रस, आठ मिलिमीटरची, पाटातच बसून त्याला ताणून धरणारी. एक झेन, जिलेटिनची, सहा मिलिमीटर, पापणीच्या केसासारखी दिसणारी, पण ती पाणी पाटात न सोडता जुन्या ऑपरेशनसारखं आवरणाखाली सोडते. आणि सायपास. ती २०१६ मध्ये बाजारात आली, दोन वर्षं लोकांना बसवली गेली, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनीने स्वतःच परत घेतली, कारण पाच वर्षांच्या तपासणीत दिसलं की तिने बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, म्हणजे कॉर्नियाच्या, आतल्या थरातल्या पेशी मरतात, आणि त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. हे मी रात्री दीड वाजता वाचलं होतं. बाहेर रातकिडे ओरडत होते आणि मला ही सगळी भानगडच नको झाली होती.

तेही डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, “म्हणूनच मी मावशींच्या डोळ्यात काही ठेवणार नाहीये. मोतीबिंदू पिकत आलाच आहे. तो काढायचा, लेन्स बसवायची, आणि त्याच छिद्रातून एक बारीक दुधारी पातं घालून जाळीची पट्टी काढून टाकायची.” काही सर्जन ते पातंसुद्धा वापरत नाहीत, साधी इंजेक्शनची सुई टोकाशी वाकवून तिने जाळी उघडतात, काही जण टाक्याचा दोरा पाटातून सबंध गोल फिरवून ओढतात आणि जाळी तीनशे साठ अंशांत फाडतात. परदेशी नळीच्या मानाने हे कितीतरी स्वस्त. आणि कल्पना काही आजची नाही. जन्मतः काचबिंदू असलेल्या पोरांची जाळी अशी आतून कापायला बार्कन नावाच्या सर्जनने १९३० च्या दशकातच सुरुवात केली होती. मला ते ऐकून धीर आला. नव्याकोऱ्या गोष्टीपेक्षा नव्वद वर्षांच्या जुन्या गोष्टीवर माझा विश्वास पटकन बसतो, वयाचा परिणाम असेल.

पण हे फक्त उजव्या डोळ्याचं. डाव्याची नस इतकी गेलेली, की तिथे प्रेशर दहा-बारावर हवं, आणि या वाटेने ते तेवढं उतरत नाही. फार तर पंधरा-सोळा. कारण पाटाच्या पुढे रक्तवाहिन्यांचा स्वतःचा दाब असतो, त्याच्या खाली पाणी जाणार कुठे? आतेने मान डोलावली. खाडीच्या पाण्याच्या खाली खाजणाचं पाणी उतरत नाही, हे तिला कोणी सांगायला नको होतं. डाव्याला कधीतरी बांधच फोडावा लागणार होता. पण तो फुगा जपत दोन तालुक्यांपलीकडे एकटी राहणारी, चुलीच्या धुरात आणि गोठ्यात वावरणारी बाई, असा विचार करून डॉक्टरीणबाईंनी ते दिवाळीपुढे ढकललं. तोवर डाव्याला थेंब. रोज.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी ज्या उत्साहाने होकार दिला, तो सगळा आतेसाठी नव्हता. रोज रात्री नऊचा फोन, त्यातला तो प्रश्न, तिचं ते दोनदा ‘घातलंय’, आणि बाटली सापडल्यापासून त्या उत्तरावर बसणारा संशय, हे सगळं मला संपवायचं होतं. तिचा डोळा तिच्या हातातून आणि माझ्या फोनमधून काढून एकदाचा डॉक्टरांच्या पात्यावर सोपवायचा होता. परत येताना राधानगरीला चहाला थांबलो तेव्हा आते गाडीतच बसून राहिली. काचेतून बाहेर बघत होती. मला वाटलं, घाबरलीय. विचारलं तर म्हणाली, “त्या पाच बाटल्यांचा काय करूचा?”

ऑपरेशन मेच्या तिसऱ्या आठवड्यात झालं, पाऊस लागून घाट बंद पडायच्या आत. बाहेरच्या हॉलमध्ये टीव्हीवर आतलं दाखवतात. मी बघणार नव्हतो, पण शेजारी बसलेले सांगलीचे एक गृहस्थ इतके तन्मय होऊन बघत होते की मीही बघितलं. मोतीबिंदू निघाला, लेन्स उलगडली, ते मी आधी कुणाकुणाच्या मोबाईलवर पाहिलं होतं. मग तिला मान डावीकडे वळवायला सांगितली असावी, कारण चित्र तिरकं झालं. डोळ्यावर जेलीसारखं काहीतरी घालून एक भिंग टेकवलं, आणि एकदम तो कोन दिसला. एरवी कोणाला दिसत नाही अशी डोळ्याची वळचण. तपकिरी बुबुळाच्या कडेने एक मातकट रेघ गेली होती. बस, एवढीच ती जाळी. पातं आडवं आलं, रेघेला टेकलं आणि सावकाश सरकायला लागलं, आणि त्याच्या मागे पांढरी वाट उमटत गेली. वर्तुळाचा चौथा हिस्सा असेल. मग त्या वाटेतून रक्ताचा एक बारीक लाल धूर निघाला. मी उठून उभा राहिलो. सांगलीचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, “येतंच ते. म्हणजे वाट उघडली.” त्यांच्या बायकोचं आदल्या महिन्यात झालं होतं. दोन-तीन मिनिटांचं काम. आते बाहेर आली ती डोळ्यावर पट्टी आणि तोंडभर हसू घेऊन. आत तिला नुसते रंग दिसत होते म्हणे, निळा, गुलाबी, पिवळा, एकात एक मिसळणारे. “शिमगो परत इलो,” म्हणाली.

थेंब संपवायला केलेल्या ऑपरेशनचं पहिलं फळ म्हणजे थेंब. एक दिवसातून सहा वेळा, दुसरं चार वेळा, आणि डाव्याचं रात्रीचं वेगळं. सहा आठवडे, हळूहळू कमी करत. शिवाय त्यातलं सूज उतरवणारं जे औषध, तेच काही जणांचं प्रेशर चढवतं, म्हणून मधेच तपासणी. मी पंधरा दिवस रजा काढून राहिलो. आत साचलेल्या रक्ताने पहिले चार दिवस तिला सगळं धुरकट दिसत होतं, उशा चढवून अर्धवट बसून झोपायचं. मी गेल्यावर शेजारच्या वाडीतली नववीतली मुलगी दिवसातून तीनदा येऊ लागली. तिने भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं, लाल आणि निळ्या शाईचं, आणि मोबदल्यात हापूसची शेवटची पेटी नेली. तिचं ऐकायची आते. माझं दोन वर्षांत जेवढं ऐकलं नाही तेवढं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी पुन्हा गेलो होतो, शनिवार-रविवार. रात्री वीज गेली होती, आम्ही मागच्या दारी बसलो होतो, पाऊस अजून आला नव्हता, नुसता वास. झाड पेटलं होतं. आते म्हणाली, उजव्या डोळ्याने काजवे आता टोकदार दिसतात. मोतीबिंदू गेला त्याचा तो गुण. मी विचारलं, आणि डाव्याने? तिने उजव्यावर हात ठेवला, खूप वेळ झाडाकडे बघत राहिली, आणि “सगळे असत,” एवढंच म्हणाली. मी पुढे विचारलं नाही.

तीन महिन्यांच्या तपासणीत उजव्याचं प्रेशर १५ आलं, थेंबांशिवाय. डाव्याचं १८, थेंबांसकट. गणपतीला आम्ही सगळे गेलो. चवथीच्या सकाळी आते मोदक वळत होती. तिच्या कळ्या अजूनही बघून पडत नाहीत, बोटंच मोजतात. वाकलेली असली तरी. मी खोबरं ठेवायला फ्रिज उघडला आणि हात आपोआप दाराच्या खणाकडे गेला. बाटली होती. लेबलावर त्या मुलीच्या गोलगोल अक्षरात तारीख. मी ती उचलली, कानाशी नेऊन हलवली.

“हलवून बघतंस?” पाठमोरी बसलेली आते म्हणाली. “बघ, बघ. रिकामी आसा.”

रिकामी होती. औषध डोळ्यात गेलं, गालावर गेलं की मागच्या दारच्या तुळशीत गेलं, ते बाटलीवरून कळायला काही मार्ग नव्हता. आते वळून बघत होती, उजव्या डोळ्याने जरा जास्त.

“आणखी एक आसा त्या पिशयेत,” ती म्हणाली. “पण ती उद्या. चवथीच्या दिसाक कोण औषध घालता?”

तिचे दोन्ही हात पिठात होते. मी दोडक्यांखालून पिशवी ओढली, नवी बाटली काढून सील तोडलं आणि म्हटलं, “मान वर कर.”